गोच्या पटावर चालींचा हिशेब: नवख्या खेळाडूंसाठी क्रमवार मार्गदर्शन

गो या पटावरच्या खेळाचे नियम एका बैठकीत शिकून होतात. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. १९ × १९ च्या पटावर ३६१ बिंदू असतात, एकेका वेळी सरासरी अडीचशेच्या आसपास जागी सोंगटी ठेवता येते, आणि 'नीट विचार करून खेळ' एवढाच सल्ला मिळालेला नवखा खेळाडू बराच वेळ पटाकडे पाहून शेवटी पहिल्यांदा सुचलेलीच चाल खेळतो. ज्यांना लिबर्टी (सोंगट्यांना लागून असलेले मोकळे बिंदू), आतारी (एकच लिबर्टी उरलेली स्थिती), डोळे (गटाने वेढलेल्या मोकळ्या जागा) आणि को (एकेक सोंगटी लगेच उलट उचलण्याला मनाई) हे नियम माहीत आहेत, थोडेफार डाव खेळून झाले आहेत, पण विचार करायचा म्हणजे नेमके काय करायचे हे कोणी सांगितलेले नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

कसलेला खेळाडू वीस-वीस चाली पुढचे पाहतो आणि म्हणून जिंकतो, असा समज सर्वत्र आढळतो. नवख्यांचे डाव तपासून पाहिले, तर बहुतेक लढाया दुसऱ्या-तिसऱ्या चालीलाच हातच्या गेलेल्या दिसतात. प्रतिस्पर्ध्याचे जे उत्तर विचारातच घेतले नव्हते, नेमके तेच पटावर येते. त्यामुळे किती लांबचे दिसते यापेक्षा जवळचे काही सुटले तर नाही ना, याकडे मी या पायऱ्यांत अधिक लक्ष दिले आहे.

हाताशी काय असावे

- ९ × ९ चा किंवा १३ × १३ चा पट आणि सोंगट्या. मोठा पट नंतर घेतला तरी चालेल.
- जगण्या-मरण्याच्या कोड्यांचा, म्हणजे त्सुमेगोचा, सोपा संग्रह. प्रत्येकी एक मिनिट दिल्यावर निम्मी कोडी सुटतील इतकाच तो कठीण असावा.
- स्वतःच्या डावांची नोंद. संगणकावर खेळत असाल तर एसजीएफ फाइल आपोआप तयार होते.
- नोंद उघडून फाटे, म्हणजे चालींचे पुढचे संभाव्य क्रम, तपासता येतील असा एखादा प्रोग्रॅम, आणि पुढे कधीतरी कातागोसारखे मोफत मिळणारे विश्लेषण इंजिन.
- वही. हिशेब चुकला तो नेमका कुठे, हे लिहून ठेवल्याशिवाय लक्षात राहत नाही.

१. आधी प्रश्न ठरवा

'आता काय खेळू?' हा प्रश्न इतका मोठा आहे की त्याला उत्तर मिळत नाही. त्याऐवजी पटावरच्या एका भागाविषयी असा प्रश्न विचारा, ज्याचे उत्तर हो किंवा नाही असे देता येईल. मी इथे चाल केली नाही तर माझा गट मरेल का? या दोन सोंगट्यांमधून प्रतिस्पर्धी मला तोडू शकतो का? कोपऱ्यातला त्याचा गट मारता येतो का? प्रश्न नेमका असला की हिशेब कुठे संपवायचा हेही आपोआप ठरते.

डावाच्या सुरुवातीला, जोसेकी (कोपऱ्यातल्या रूढ चालींचे क्रम) आणि मोकळ्या जागांच्या वाटपाच्या टप्प्यात, अशा प्रश्नांचा फारसा उपयोग होत नाही. तिथे कोणती बाजू मोठी आणि कोणता गट कमकुवत एवढे पाहून चाल करावी. लांबलचक फाटे मोजण्यात वेळ घालवू नये. सोंगट्या एकमेकींना भिडल्या, की हिशेबाची वेळ आली.

२. यादी करा, आणि ती पूर्ण होईपर्यंत एकाही चालीच्या मागे धावू नका

प्रश्न ठरला की त्याला उत्तर देऊ शकतील अशा तीन ते पाच चाली मनात मांडा. पहिली चाल सुचताच तिचेच फाटे मोजत सुटण्याची ओढ फार तीव्र असते, आणि यादी न करण्यामागचे खरे कारण तेच असते. ती चाल चुकीची निघाली तर वेळ वाया जातो. ती बरी निघाली तर नुकसान त्याहून मोठे, कारण शेजारची अधिक चांगली चाल पाहिलीच जात नाही.

यादीत काय असावे, यासाठी काही खात्रीच्या जागा आहेत. गटाला बाहेरून दाबणारी चाल, गटाच्या पोटात ठेवलेली सोंगटी, तोडणारी चाल, आणि आतारी. 'प्रतिस्पर्ध्याचा मर्मबिंदू तोच आपला मर्मबिंदू' अशी गो खेळणाऱ्यांमध्ये जुनी म्हण आहे, आणि ती अक्षरशः पाळण्याजोगी आहे: त्याच्या जागी आपण असतो तर गट वाचवायला कुठे खेळलो असतो हे पाहा आणि तो बिंदू यादीत घाला. कोपऱ्यात असाल, तर एका कडेपासून पहिला आणि दुसऱ्या कडेपासून दुसरा असा जो बिंदू असतो, तो दिसायला कितीही विचित्र वाटला तरी यादीत असू द्या. शेवटी 'इथे न खेळता दुसरीकडे खेळणे', म्हणजे तेनुकी, हीसुद्धा एक चाल म्हणून धरा. नवख्यांच्या यादीत ती जवळजवळ कधीच नसते.

यादी सवयीतून तयार होते, आणि सवयीबाहेरच्या चाली तीत येत नाहीत, हे थोरांच्या बाबतीतही खरे आहे. १० मार्च २०१६ रोजी सोलमध्ये कोरियाचा व्यावसायिक खेळाडू ली सेडॉल याच्याविरुद्धच्या दुसऱ्या डावात अल्फागो या संगणक प्रोग्रॅमने ३७वी चाल पाचव्या ओळीवर, चौथ्या ओळीवरच्या पांढऱ्या सोंगटीच्या खांद्यावर, म्हणजे तिरक्या शेजारी, खेळली, तेव्हा समालोचन करणाऱ्या व्यावसायिकांनाही ती आधी चूक वाटली. माणूस ही चाल खेळण्याची शक्यता दहा हजारांत एक असल्याचा अंदाज खुद्द प्रोग्रॅमनेच केला होता, असे त्याच्या निर्मात्यांनी नंतर सांगितले. तीनच दिवसांनी चौथ्या डावात ली सेडॉलने ७८वी चाल अशीच अनपेक्षित जागी खेळली आणि त्या मालिकेतला आपला एकमेव विजय मिळवला. यातून नवख्याने विचित्र चाली खेळू लागाव्यात असे मुळीच नाही. पण डोळ्यांना न रुचणारी निदान एक चाल यादीत जाऊ द्यावी.

३. फाटे मोजण्याचा क्रम

ज्या चालीला प्रतिस्पर्ध्याकडे एकच उत्तर आहे तिच्यापासून सुरुवात करा. आतारी, जोडणी तोडण्याची धमकी, डोळा फोडणारी चाल, अशा चालींचे फाटे लवकर संपतात आणि यादी चटकन लहान होते. शांत चाली शेवटी पाहा.

इथे एक सापळा आहे. सक्तीच्या चाली *आधी मोजायच्या* असतात, *आधी खेळायच्या* नसतात. हिशेब अर्धवट असताना 'ही आतारी तर मिळतेच आहे' म्हणून ती खेळून टाकली, की प्रतिस्पर्धी जोडतो, त्याचा गट भक्कम होतो, आपल्या हातातली एक को-धमकी (को चालू असताना उत्तर द्यायला भाग पाडणारी चाल) कमी होते आणि त्या जागी पुढे जे काही शिजू शकले असते, ज्याला अजी म्हणतात, तेही संपते. नवख्यांच्या डावांत मला सर्वांत जास्त खटकणारी सवय हीच आहे.

४. प्रतिस्पर्ध्याचे सर्वांत चांगले उत्तर शोधा

ही पायरी एका स्थितीवर सविस्तर पाहू. पट काढा आणि सोंगट्या मांडून घ्या.

कोपऱ्यात दुसऱ्या ओळीवर, कडेपासून सलग पाच पांढऱ्या सोंगट्या ठेवा. त्यांच्याखालच्या पहिल्या ओळीवरच्या बिंदूंना कोपऱ्यापासून १, २, ३, ४, ५ असे क्रमांक द्या आणि त्याच ओळीवर पुढे ६, ७, ८ मोजा. पांढऱ्या सोंगट्या बरोबर १ ते ५ च्या वर येतात. त्यांच्या वर तिसऱ्या ओळीवर काळ्याची सलग भिंत आहे, आणि दुसऱ्या ओळीवर ६, ७ व ८ च्या वरही काळ्या सोंगट्या आहेत. बाहेर काळा सर्वत्र भक्कम आहे. पाळी काळ्याची. पांढरा गट मरतो का?

यादी करू. बाहेरून दाबणारी चाल ६. एक घर आत शिरणारी चाल ५. मधोमध बसणारी चाल ३. आणि कोपऱ्यातला तो विचित्र बिंदू, २.

चाल ६ सर्वांत आधी सुचते. पांढरा ५ वर अडवतो आणि १ ते ४ असे सरळ चार बिंदू मोकळे राहतात. आता काळा २ वर शिरला तर पांढरा ३, काळा ३ वर शिरला तर पांढरा २. दोन्हीकडे दोन डोळे होतात. गट जगला.

चाल ३ आकर्षक दिसते. पांढरा २ वर खेळतो, त्याचबरोबर ३ ची सोंगटी आतारीत येते. काळ्याने ४ वर लांबवले, तर पांढरा ५ वर खेळून दोन्ही सोंगट्या उचलतो. काळ्याने ४ ऐवजी ५ वर खेळले, तर पांढरा ४ वर खेळून ३ ची सोंगटी उचलतो. १ हा एक डोळा, उचललेल्या जागी दुसरा. गट जगला.

आता चाल ५. पांढऱ्याचे पहिले उत्तर २ असू शकते. काळा ४ वर येतो. पांढरा ३ वर खेळून ४ व ५ वरच्या दोन्ही सोंगट्यांना आतारी देतो, काळा ६ वर जोडतो, आणि पांढऱ्याकडे १ हा एकच डोळा उरतो. पांढऱ्याने ३ हे उत्तर दिले तर काळा ६ वर जोडतो. १ व २ मिळून डोळा एकच. इथवर सारे काळ्याच्या मनासारखे होते, आणि बरेच जण याच ठिकाणी समाधानाने हिशेब थांबवतात.

पण पांढऱ्याचे खरे उत्तर ४ आहे. या चालीने ५ ची काळी सोंगटी आतारीत येते. हात आपोआप ६ वर जोडायला जातो. तसे झाले की पांढरा २ वर खेळतो आणि १ व ३ असे दोन डोळे करून जगतो. काळ्याला इथे आतारीकडे दुर्लक्ष करून २ वर खेळावे लागते. पांढरा ६ वरून ५ ची सोंगटी उचलतो, काळा ७ वरून ६ ला आतारी देतो, आणि ५ चा डोळा खोटा ठरतो: पांढऱ्याने तिथे जोडले तर डोळाच भरतो, न जोडले तर काळा ५ वर खेळून ६ उचलतो. १ ते ३ च्या मधोमध काळी सोंगटी बसलेलीच आहे. गट मेला, पण हे कळण्यासाठी एक सोंगटी द्यायची तयारी ठेवावी लागते.

राहिली चाल २. पांढरा ३ वर आला तर काळा ५. पांढरा ४ वरून आतारी देतो, आणि या वेळी मात्र काळा निर्धास्तपणे ६ वर जोडतो, कारण कोपऱ्यात १ व २ मिळून एकाहून जास्त डोळा होऊ शकत नाही. पांढरा ५ वर आला तर काळा ३, आणि चार बिंदूंमधले दोन मधले बिंदू काळ्याकडे गेल्याने दोन डोळे अशक्य होतात. पांढरा ४ वर आला तर १ ते ३ ही तीन बिंदूंची जागा उरते आणि तिच्या मधोमध काळा आधीच बसला आहे.

म्हणजे चारांपैकी दोन चाली गट मारतात. मी २ खेळेन, कारण तिचे फाटे आखूड आहेत आणि त्यांत मध्येच मन घट्ट करून आतारी सोडून देण्याची वेळ येत नाही. दोन चालींचा निकाल सारखाच असेल, तर जिचा हिशेब पूर्णपणे डोळ्यांसमोर उभा राहतो ती निवडावी, हे माझे ठाम मत आहे.

कोपऱ्यात दुसऱ्या ओळीवर चार मरतात, सहा जगतात, असा एक जुना ठोकताळा आहे. पाचांच्या बाबतीत पाळी कोणाची यावर निकाल ठरतो, तो का, हे वरच्या फाट्यांतून दिसते. ठोकताळे पाठ असावेत, पण ते एकदा तरी असे हाताने मोजून घ्यावेत.

५. हिशेब कुठे थांबवावा

आतारी उभी असताना कधीही थांबू नका. कोणत्याही गटाच्या लिबर्टी एक-दोनवर आल्या असतील, तोड शिल्लक असेल किंवा को सुरू असेल, तर निकाल लागलेला नाही. दोन्ही बाजूंना आता दुसरीकडे खेळायला हरकत नाही असे वाटेल, तिथे थांबा.

पकडापकडीच्या शर्यतीत, जिथे दोन गट एकमेकांना घेरून बसलेले असतात, तिथे फाटे मोजण्याआधी लिबर्टी मोजा. सामाईक लिबर्टी आणि डोळे नसतील तर नुसती वजाबाकी पुरते. मोठा डोळा असलेल्या गटाच्या लिबर्टी दिसतात त्याहून जास्त असतात: तीन बिंदूंच्या डोळ्याच्या तीन, चाराच्या पाच, पाचाच्या आठ, सहाच्या बारा. एवढे आकडे पाठ केले की दहा-बारा चालींचा हिशेब एका नजरेत उरकतो.

६. शिचो वेगळ्या रीतीने पाहा

शिचो, म्हणजे लॅडर, तीस-चाळीस चालींचा असला तरी त्याला फाटे नसतात. पळणाऱ्याला एकच चाल, पकडणाऱ्याला एकच. म्हणून सहा चालींच्या गुंतागुंतीच्या लढाईपेक्षा तो सोपा असतो. पायऱ्या-पायऱ्यांनी तिरका जाणारा तो पट्टा बोट न लावता नजरेने कडेपर्यंत ओढा आणि वाटेत पळणाऱ्याची सोंगटी पट्ट्याला शिवते का एवढे पाहा. फसलेला शिचो पकडणाऱ्याला फार महाग पडतो, कारण त्याच्या भिंतीत जागोजागी दुहेरी आतारी राहते. शंका असेल तर गेता, म्हणजे लांबून जाळे टाकणारी चाल, यादीत आहे का ते पाहा. आणि प्रतिस्पर्ध्याने दूरच्या कोपऱ्यात काही खेळले, की चालू असलेला शिचो पुन्हा एकदा तपासा.

७. फाट्यांची तुलना

गट मरतो की जगतो एवढाच प्रश्न असेल तर तुलना सोपी असते. इतर वेळी प्रत्येक फाट्याच्या शेवटी तीन गोष्टी पाहा: जागा कोणाला किती मिळाली, कोणाचा गट कमकुवत उरला, आणि पुढची मोकळी चाल, म्हणजे सेंते, कोणाकडे गेली. तिसरी गोष्ट नवखे हमखास विसरतात. दोन फाट्यांत जागा सारखीच मिळत असेल, तर ज्याच्या शेवटी पाळी आपल्याकडे येते तो फाटा बहुतेक वेळा चांगला.

अल्फागोसारखे प्रोग्रॅमही यादी, फाटे आणि तुलना या तीन कामांवर उभे होते: एक नेटवर्क मोजक्या चाली सुचवते, शोध त्यांचे फाटे उलगडतो, आणि दुसरे नेटवर्क शेवटच्या स्थितीचे मोल ठरवते. माणसाचे तिसरे काम कच्चे असेल, तर पहिली दोन कितीही चोख असली तरी निवड चुकते.

८. घड्याळ चालू असताना

ब्योयोमीत, म्हणजे ठरावीक सेकंदांच्या हप्त्यांत, ३० सेकंदच हाती असतील तर वरचे सारे होणार नाही. अशा वेळी दोनच गोष्टी करा: यादीत निदान दोन चाली घ्या, आणि निवडलेल्या चालीला प्रतिस्पर्ध्याकडून सर्वांत वाईट काय येईल ते पाहा. विचाराचा खरा वेळ प्रतिस्पर्ध्याच्या पाळीत असतो; त्याने चाल केल्यावर मात्र जुना हिशेब तसाच पुढे चालवू नका, नव्या सोंगटीने काय बदलले ते आधी पाहा.

९. डाव संपल्यावर

नोंद उघडा आणि जिथे लढाई फिरली त्या चालीवर थांबा. इंजिन सुरू करण्यापूर्वी त्या वेळी तुमच्या मनात कोणत्या चाली होत्या आणि त्यांची कोणती उत्तरे तुम्ही पाहिली होती, हे वहीत लिहा. मग इंजिनची चाल पाहा. ती तुमच्या यादीतच नव्हती, की यादीत होती पण तिचा फाटा अर्धवट सोडला गेला, की फाटा बरोबर होता आणि शेवटच्या स्थितीचा अंदाज चुकला, यांपैकी एक खूण करा. साधारण दहा डावांनी कोणती खूण वारंवार येते ते पाहा. यादी अपुरी पडत असेल तर तेसुजींची, म्हणजे लढाईतल्या चतुर चालींची, कोडी सोडवा. फाटे तुटत असतील तर सोंगट्या न हलवता त्सुमेगो सोडवा, उत्तर पूर्ण दिसेपर्यंत पान उलटू नका. अंदाज चुकत असेल तर व्यावसायिकांचे डाव मधूनच थांबवून कोण पुढे आहे ते ठरवा आणि मग गुण मोजून पाहा.

इंजिनच्या आकड्यांबाबत एक सावधगिरी. दोन चालींमध्ये जिंकण्याच्या शक्यतेचा एक-दोन टक्क्यांचा फरक नवख्यासाठी निरर्थक असतो. मोठा फरक पडलेल्या दोन-तीन जागाच तपासा, आणि इंजिनचा फाटा कळला नाही तर तुम्हाला सुचणारे उत्तर त्यात घालून ते कसे फसते ते पाहा. चालू डावात मात्र इंजिन उघडू नका. एकेका चालीला दिवसेंदिवस मुदत असलेल्या डावांत वेगळ्या पटावर फाटे मांडून पाहायला बहुतेक ठिकाणी परवानगी असते. इंजिनला ती नसते.